जुना एफएम ट्रान्समीटर आणि नवं २.४ गिगाहर्ट्झ मॉड्यूल: जोडण्याआधी काय तपासायचं

नाशिकरोडहून आलेला प्रश्न असा: घरात मॉडेल विमानं चालवायचा सहा चॅनेलचा, ७२ मेगाहर्ट्झचा जुना एफएम ट्रान्समीटर आहे. स्टिक अजून मऊ चालतात, पण सोबतचा रिसीव्हर मेलाय. मागे मॉड्यूल बसवायचा खण नाही. यात ईएलआरएस मॉड्यूल (नवी, वेगवान डिजिटल रेडिओ पद्धत) घालून एक हाय-विंग ट्रेनर विमान आणि एक बोट चालवता येईल का, आणि कसं?

येईल. पण ईएलआरएस घालू नका, मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल घाला, म्हणजे अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलणारं. आणि ते सगळ्यात शेवटी विकत घ्या. मॉड्यूल जोडणं हे तीन वायरींचं काम आहे, तासाभरात उरकतं. हे सेट हवेत दगा देतात ते मॉड्यूलमुळे नाही, तर जुना स्विच, जुनी बॅटरी आणि उलटा थ्रॉटल (मोटरच्या वेगाचा चॅनेल) या तीन गोष्टींमुळे. म्हणून खालचा बराचसा मजकूर त्यांच्यावरच आहे.

ईएलआरएस का नको ते आधी. जुना ट्रान्समीटर आतल्या आत पीपीएम नावाचा सिग्नल तयार करतो, आणि ईएलआरएसची मॉड्यूलं मुळात त्यासाठी बनलेली नाहीत, पुष्कळांना तो कळतच नाही. त्यांची नेहमीची भाषा म्हणजे सीआरएसएफ हा डिजिटल सिग्नल. मध्ये एखादा आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा लहानसा बोर्ड) घालून पीपीएमचं सीआरएसएफ करता येतं, पण मग प्रोग्राम लिहा, तो तपासा, आणि विमानाच्या जिवाची एक नवी कडी सांभाळा. एवढं करूनही हाती काय? ईएलआरएसची खरी करामत म्हणजे वेग, आणि तुमच्या सेटातला एन्कोडर (पीपीएम बनवणारा भाग) सेकंदाला जेमतेम ४४ वेळा स्टिकची स्थिती सांगतो. बैलगाडीला रेसिंगचे टायर लावण्यातला प्रकार. नॅनोच वापरायचा असेल तर जुना एन्कोडर पूर्ण काढून स्टिकचे पोटेन्शियोमीटर थेट नॅनोला जोडावेत. पण तो वेगळा उद्योग आहे आणि त्यात जुन्या सेटचं फक्त खोकं उरतं.

पीपीएम शोधणं

पीपीएम म्हणजे एकाच वायरवर, एकामागून एक, सगळ्या चॅनेलांची मापं. प्रत्येक चॅनेलला साधारण १ ते २ मिलिसेकंद मिळतात, स्टिक मध्ये असेल तर सुमारे १.५. दोन चॅनेलांमध्ये ०.३ ते ०.४ मिलिसेकंदांची एक बारीक खूण असते. सहा चॅनेल मध्यावर असतील तर ९ मिलिसेकंद झाले. फ्रेम असते सुमारे २२.५ मिलिसेकंदांची, म्हणजे उरलेले साडेतेरा मिलिसेकंद शांतता. ही लांब शांतता दिसली की मॉड्यूल समजतं की आता पुन्हा पहिल्या चॅनेलपासून सुरुवात.

तुमच्या सेटवर पीसीएम असा पर्याय असेल तर तो बंद करून पीपीएम किंवा एफएमवर ठेवा. पीसीएममध्ये त्याच वायरवर कंपनीची स्वतःची सांकेतिक भाषा वाहते आणि कुठलंही मॉड्यूल ती वाचू शकत नाही. "मॉड्यूल डेड आलंय" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच निघतं.

सिग्नल पकडायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे ट्रेनर पोर्ट, जिथे शिकाऊ आणि गुरू असे दोन सेट जोडतात. तिथे पीपीएम बाहेर आलेलाच असतो. मात्र पिनांचा क्रम कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतो, म्हणून इंटरनेटवरचं चित्र डोळे झाकून मानू नका. शिवाय काही सेटांत त्या पोर्टमध्ये प्लग घातला की सेट आपोआप चालू होतो, काहींत आरएफ भाग (रेडिओ लहरी फेकणारा) बंद पडतो. ट्रेनर पोर्ट नसेल तर बोर्डावर एन्कोडर आयसीपासून आरएफ भागाकडे जाणारी एकटी वायर शोधा. जुन्या सेटांत हे दोन भाग बहुधा वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात आणि मध्ये तीन-चार वायरी जातात: प्लस, मायनस, आणि उरलेल्यांपैकी एक आपली.

मल्टिमीटरने पीपीएम ओळखता येत नाही, तो फक्त सरासरी व्होल्टेज दाखवतो. त्याऐवजी कानाने ओळखा. जुना इअरफोन घ्या, त्याच्या एका वायरीत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ किलोओहमचा रेझिस्टर एकापाठोपाठ लावा, दुसरी वायर ग्राउंडला. कपॅसिटरवाल्या टोकाने संशयित जागा टोचत जा. योग्य जागी बसलात की जाड भुंग्यासारखी घरघर ऐकू येते, आणि कुठलीही स्टिक हलवली की त्या घरघरीचा पोत बदलतो. सुरुवातीला दोन्ही स्टिक उभ्या-आडव्या हलवून बघा. एकाच स्टिकच्या एकाच दिशेने बदलत असेल तर तुम्ही त्या चॅनेलच्या वाटेवर आहात, एकत्र सिग्नलवर नाही.

आकडे हवे असतील तर आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक ॲनालायझर पुरतो. तोही नसेल तर लॅपटॉपच्या माइक इनपुटला १०० किलोओहम मालिकेत आणि १ किलोओहम ग्राउंडला लावून सिग्नल खाली आणा आणि ऑडॅसिटीत ४८,००० च्या दराने रेकॉर्ड करा. एक नमुना सुमारे २१ मायक्रोसेकंदांचा पडतो. लाटांचे माथे वाकडे दिसतील, पण कडा मोजता येतात. बघायचं ते असं: फ्रेम प्रत्येक वेळी पूर्ण आहे का, चॅनेल किती आहेत, आणि स्टिक सोडल्यावर तीच कड इकडेतिकडे थरथरते का. थरथर असेल तर पोटेन्शियोमीटर मळलाय. आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब आणि स्टिकच्या पन्नास फेऱ्या. गंज काढायचा तेलकट स्प्रे तिथे मारू नका. आठवडाभर बरं वाटतं, मग त्यावर धूळ बसते.

सिग्नल सरळ की उलटा, याची चिंता लोक उगाच करतात. फुताबा कंपनीचा एक प्रकार, जेआर कंपनीचा दुसरा, हे खरं आहे. पण मॉड्यूल एका कडेपासून तशाच पुढच्या कडेपर्यंतचा वेळ मोजतं, आणि मधल्या खुणा सारख्याच रुंदीच्या असल्याने तो वेळ दोन्हीकडे तोच येतो. चिंता करायची ती व्होल्टेजची. पीपीएम कुठल्या सेटात २-३ व्होल्टचा, कुठे ५ चा, तर कुठे थेट बॅटरीच्या व्होल्टेजएवढा असतो. आठ सेलचा पॅक चार्जरवरून नुकताच काढलेला असेल तर ते ११ च्या वर जातं, आणि मॉड्यूलमधला प्रोसेसर ३.३ व्होल्टवर चालणारा.

म्हणून ५ व्होल्टच्या सिग्नलला वर १० किलोओहम आणि खाली १५ किलोओहम असा विभाजक लावा, मधून ३ व्होल्ट मिळतात. बॅटरीएवढा सिग्नल असेल तर वर १० आणि खाली ३.३, साडेअकरा व्होल्टलाही बाहेर २.८५ च्या आसपासच येतं. उलट सिग्नल २ व्होल्टपेक्षाही बारीक असेल तर एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर मध्ये घाला: बेसला १० किलोओहममधून सिग्नल, एमिटर ग्राउंडला, कलेक्टरला ४.७ किलोओहममधून ३.३ व्होल्ट, आणि कलेक्टरवरून मॉड्यूलकडे. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. सिग्नल उलटा होईल, होऊ द्या. ही तीन-चार पैशांची भर वाचवायला जाऊन मॉड्यूल जाळलेलं परवडत नाही.

वीज: खरा घात इथे होतो

एफएम सेटाला अर्ध्या क्षणाचा खंड माफ असतो. स्विचचा संपर्क दहा मिलिसेकंद सुटला तर सर्व्हो (विमानाच्या पट्ट्या हलवणारी लहान मोटर) एकदा दचकतो आणि पुढचं सुरळीत. डिजिटल मॉड्यूलचं तसं नाही. तेवढ्याशा खंडात त्याचा प्रोसेसर रीसेट होतो, तो पुन्हा जागा होतो, रिसीव्हरशी पुन्हा गाठ पडते, आणि तोवर रिसीव्हर फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावरच्या ठरलेल्या स्थितीत, गेलेला असतो. हवेत विमान तेवढा वेळ मालकाविना. त्यामुळे जो स्विच वर्षानुवर्षं "चालतोय की" म्हणून ठेवला, तोच आता गुन्हेगार ठरतो.

तपासणी सोपी आहे. सेट चालू ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या आणि त्याच्या दोन काड्या स्विचच्या दोन टोकांना लावा. चांगल्या स्विचवर जवळजवळ शून्य दिसतं. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, किंवा स्विच बोटाने हलवताना आकडा उड्या मारायला लागला, तर स्विच बदला. साफ करून भागवू नका. स्प्रिंगच्या खोक्यातले सुटे पेन्सिल सेल असतील तर तेही काढा आणि पट्टीने वेल्ड केलेला पॅक घ्या. खोक्याला हाताने चापट मारली की सेल स्प्रिंगवर नाचतात.

मग बॅटरीच्या वायरी बघा. जुना निकेल-कॅडमियम पॅक वर्षानुवर्षं आत पडून राहिला असेल तर मायनसची काळी वायर सोलून पाहा. आतलं तांबं तांबूस दिसायला हवं. ते काळं, निस्तेज असेल आणि त्यावर सोल्डर पाण्याच्या थेंबासारखं घरंगळत असेल, तर सेलमधून पाझरलेला अल्कली वायरभर चढलाय. अशी वायर वरून धडधाकट दिसते, पण विजेला अडवते आणि चिमटीत मोडते. ती घासून वाचत नाही. बॅटरीच्या प्लगपासून स्विचपर्यंत, आणि काळेपणा पुढे गेला असेल तर बोर्डापर्यंत, पूर्ण नवी टाका.

नवी बॅटरी कुठली? दोन पर्याय चांगले. पहिला, आठ सेलचा निकेल-मेटल-हायड्राइड पॅक, कमी स्वयंविसर्जनाचा. व्होल्टेज तेच, सेटावरचा बॅटरीचा काटा पूर्वीसारखाच खरं बोलतो. दुसरा, तीन सेलचा लिथियम-आयर्न-फॉस्फेट: भरलेला १०.९५ व्होल्ट, काम करताना साडेनऊ-दहाच्या मध्ये. वजन कमी, पण याचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग कड्यावरून पडावं तसं पडतं. काटा हिरव्यात दिसतोय म्हणून उडवत राहाल तर फसाल. घड्याळ लावूनच उडवा. तीन सेलचा लिपो (लिथियम-पॉलिमर) भरलेला असताना १२.६ वर जातो, त्याने आतला जुना रेग्युलेटर जास्त तापतो आणि काट्याला काही अर्थ उरत नाही. दोन सेलचा लिपो तर काट्याच्या लाल पट्ट्यातच सुरू होतो.

चार्जिंगच्या भोकाबद्दल दोन गोष्टी. त्याची आतली-बाहेरची ध्रुवता कंपन्यांनी आपापल्या मर्जीने ठरवलेली आहे, मीटरने तपासल्याशिवाय पिन घालू नका. आणि पुष्कळ सेटांत तिथे मालिकेत एक डायोड असतो, त्यामुळे नव्या डिजिटल चार्जरला पॅकचं व्होल्टेज दिसतच नाही आणि तो चूक दाखवून थांबतो. लिथियम पॅक तर कायम बाहेर काढून, बॅलन्स वायर लावूनच भरायचा. एप्रिल-मेमध्ये नाशकात बंद गाडीत सेट ठेवून जेवायला जायचं नाही, हेही त्यातच आलं.

मॉड्यूलला ११ व्होल्ट थेट देऊ नका, डब्यावर १२ पर्यंत चालेल असं छापलेलं असलं तरी. आत लहानसा लिनिअर रेग्युलेटर असतो. ११ व्होल्ट आत, ५ बाहेर, १५० मिलिअँपिअर खप असा हिशेब धरला तर ०.९ वॅट नुसती उष्णता. मॉड्यूल बंद खोक्यात, उन्हाळ्यात, म्हणजे वीस मिनिटांनी सिग्नल घसरायला लागतो. एमपी१५८४ चा छोटा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारा बोर्ड) घ्या, मॉड्यूल जोडण्याआधी मीटर लावून त्याचा स्क्रू ६ व्होल्टवर फिरवा, आणि त्या जागी नेलपॉलिशचा थेंब टाका म्हणजे तो हलणार नाही. बकच्या बाहेर ४७० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर. आधी फिरवा, मग जोडा; हे कन्व्हर्टर नवे येतात तेव्हा त्यांचा स्क्रू कुठेही असू शकतो.

जुना आरएफ भाग बंद करणं

सगळ्यात सोपा आणि परत फिरवता येणारा उपाय म्हणजे क्रिस्टल काढणं. क्रिस्टल नाही तर ऑसिलेटर नाही, आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरला ढकलणारं कुणी नसेल तर तो जवळजवळ काहीच ओढत नाही. मीटर मालिकेत लावून खप आधी आणि नंतर मोजा. क्रिस्टल काढल्यावर तो स्पष्ट उतरायला हवा. उतरला नाही तर आरएफ पट्टीकडे जाणारी प्लसची वायर सोडवा, पण आधी खात्री करा की त्याच वायरीवर एन्कोडर जगत नाहीये. दांडीचा अँटेना काढून आरएफ भाग तसाच चालू ठेवणं हा मात्र नाश आहे: बाहेर न गेलेली शक्ती शेवटच्या ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन बसते, आणि तिची पिलावळ पीपीएमच्या वायरीत शिरते.

दांडी काढल्यावर जे भोक उरतं तिथेच नवा अँटेना बसवता येतो. आरपी-एसएमएचा खोक्याला बसणारा कनेक्टर साधारण साडेसहा मिलिमीटरच्या भोकात बसतो. भोक मोठं असेल तर दोन मिलिमीटरच्या ॲक्रिलिकची चकती लावा. सातपूर-अंबडला लेझर कटिंगवाले अशा चकत्या आणि मॉड्यूलची पाठपट्टी सहज कापून देतात, फक्त ड्रॉइंग नीट न्या. जुनी दांडी शोभेसाठी राहू द्यावी असा मोह होतो, पण २.४ गिगाहर्ट्झच्या अँटेनाशेजारी मीटरभर धातू उभा करणं म्हणजे एका दिशेला सावली पाडणं. या वारंवारतेला पाव लांबी असते जेमतेम ३१ मिलिमीटर.

एसएमए आणि आरपी-एसएमए यांची गल्लत करू नका. आटे एकमेकांत बसतात, पण मधली पिन दोन्हीकडे असते किंवा कुठेच नसते. कुठेच नसेल तर मॉड्यूल अँटेनाविना चालतंय आणि वरून सगळं ठाकठीक दिसतंय. टेबलावर सर्व्हो हलतात, पन्नास मीटरवर थांबतात. आतला बारीक बटणासारखा आयपेक्स कनेक्टर तर सरळ वरून दाबून बसवायचा, आणि सारखा काढायचा-घालायचा नाही. तीसेक वेळांत तो सैल पडतो.

जोडणी आणि बाइंडिंग

जेआर आकाराच्या मॉड्यूलला पाच पिना असतात. पहिली पीपीएम, तिसरी प्लस, चौथी ग्राउंड. दुसरी आणि पाचवी आपल्याला लागत नाहीत. कुठलं टोक पहिलं हे ओळखायला मीटर बीपवर ठेवा आणि अँटेना कनेक्टरच्या बाहेरच्या धातूपासून प्रत्येक पिनेपर्यंत बघा. जिथे बीप वाजते ती ग्राउंड, म्हणजे चौथी. पीपीएमची वायर ग्राउंडच्या वायरीसोबत पिळून न्या, दहा सेंटिमीटरपेक्षा लांब नको, आणि स्टिकच्या वायरींवरून नको. मॉड्यूल चालू केल्यावरच सर्व्हो थरथरत असतील तर स्टिकच्या वायरींवर २.४ चा मारा होतोय. अँटेना दूर न्या किंवा त्या वायरींवर फेराइटची मणी चढवा.

मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल घेताना एकच बघा: त्यावर १६ खाचांचा गोल डायल आहे का. डायल नसलेली मॉड्यूलं नव्या सेटांसाठी आहेत, त्यांना प्रोटोकॉल सिरियल वायरीवरून सांगावा लागतो आणि तुमच्या सेटाला ते जमणार नाही. डायल शून्यावर म्हणजे सिरियल. तिथे मॉड्यूल पीपीएमकडे ढुंकूनही बघत नाही. १ ते १५ म्हणजे पीपीएम, प्रत्येक खाचेला एक प्रोटोकॉल, कुठल्या खाचेला कुठला हे फर्मवेअर, म्हणजे मॉड्यूलमधला प्रोग्राम, ठरवतं. डायल फक्त चालू होताना वाचला जातो, म्हणून फिरवल्यावर सेट बंद करून पुन्हा चालू करा. एलईडी सावकाश लुकलुकत राहिला तर मॉड्यूलला वीज मिळतेय पण सिग्नल मिळत नाहीये. परत विभाजकाकडे जा.

प्रोटोकॉल कुठला? आत चार वेगवेगळ्या चिपा असतात आणि जवळजवळ काहीही बोलता येतं, पण या कामाला मी फ्लायस्कायचा एएफएचडीएस २ए सुचवेन, रिसीव्हर एफएस-आयए६बी. कारण असं. फ्रस्काय डी८ सारखे प्रोटोकॉल ज्या चिपवर चालतात, तिची वारंवारता रिसीव्हरशी बारीक जुळवावी लागते. नव्या सेटावर ते मेन्यूतून होतं. पीपीएममध्ये मेन्यू नाही, आकडा फर्मवेअरमध्येच घालावा लागतो. जुळलं नाही तरी बाइंड होतं (मॉड्यूल आणि रिसीव्हरची जोडी जमते), टेबलावर उत्तम चालतं, आणि थोडं लांब गेलं की तुटतं. फ्लायस्कायला ही भानगड नाही. डी८ च्या बाजूने एकच जोरदार मुद्दा आहे: त्याच्या कित्येक रिसीव्हरांवर फेलसेफचं बटण असतं, स्टिक हव्या त्या जागी धरून ते दाबलं की झालं.

बाइंड असं: रिसीव्हरच्या बी/व्हीसीसी खाचेत बाइंडची जोडपिन घाला, दुसऱ्या कुठल्याही खाचेतून ५ व्होल्ट द्या, एलईडी भरभर लुकलुकेल. ट्रान्समीटर बंद असताना मॉड्यूलचं बटण दाबून धरा, मग सेट चालू करा. रिसीव्हरचा एलईडी बदलला की दोन्ही बंद, जोडपिन काढा, आधी ट्रान्समीटर चालू, मग रिसीव्हर. प्रोपेलर काढलेला असायलाच हवा, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

रिसीव्हरच्या विजेकडे इथेही तोच डोळा हवा. जुना एफएम रिसीव्हर व्होल्टेज झुकलं तरी कुरकुरत चालायचा. नवा झुकला की रीसेट होतो. चार सेलचा जुना पॅक आणि चार जुने सर्व्हो एकदम हलले तर तेच होणार. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा बीईसी (रिसीव्हरला स्थिर व्होल्टेज देणारा रेग्युलेटर) घ्या.

थ्रॉटलची दिशा

हा भाग दोनदा वाचा. फुताबाच्या ट्रान्समीटरांत पहिले चार चॅनेल एलरॉन, एलिव्हेटर, थ्रॉटल, रडर अशा क्रमाने येतात. जेआरमध्ये थ्रॉटल पहिला, मग एलरॉन, एलिव्हेटर, रडर. मॉड्यूलचं फर्मवेअर यापैकी एक क्रम गृहीत धरतं, आणि वेगवेगळ्या क्रमांची तयार फर्मवेअर मिळतात. तुमच्या सेटाच्या क्रमाचं घाला. कारण सिग्नल तुटला की या मॉड्यूलची ठरलेली फेलसेफ म्हणजे थ्रॉटल पूर्ण खाली, बाकी सगळे मध्यावर. क्रम चुकला तर मॉड्यूल थ्रॉटल समजून एलरॉन खाली ओढेल आणि खरा थ्रॉटल अर्ध्यावर नेऊन ठेवेल. रिसीव्हरच्या मागे प्लग अदलाबदल करून "चालतंय" म्हणणाऱ्यांना हे जमिनीवर कधीच कळत नाही.

दुसरं, फुताबाचा थ्रॉटल बाकीच्यांच्या उलटा असतो. स्टिक खाली म्हणजे लांब पल्स. ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा कंट्रोलर) मग चालूच होत नाही. यावर सेटावरचा थ्रॉटलचा रिव्हर्स स्विच पलटवायचा, एवढंच. काही जण त्याऐवजी ईएससीच उलटा कॅलिब्रेट करतात किंवा इंजिनच्या सर्व्होची दांडी दुसऱ्या बाजूला लावतात. उडतं नीट, पण फेलसेफला मॉड्यूल "पूर्ण खाली" म्हणून जे पाठवतं ते अशा विमानात पूर्ण गती ठरतं.

फुताबाचा मध्यबिंदू १५२० मायक्रोसेकंद, बाकीच्यांचा १५००. त्यामुळे सगळे सर्व्हो किंचित एका बाजूला दिसतील. ट्रिम खर्चू नका, सर्व्होची दांडी किंवा लिंकेज फिरवून मध्य साधा.

मग परीक्षा: प्रोपेलर काढलेला, थ्रॉटल अर्ध्यावर, ट्रान्समीटर सरळ बंद करा. मोटर दोनेक सेकंदांत थांबलीच पाहिजे. पुन्हा चालू करा, परत ताबा यायला किती वेळ लागतो तो मोजा. मग सेट चालू असताना खोक्याला चारी बाजूंनी थापट्या मारा, स्विच बोटाने कुरवाळा, बॅटरीची वायर हलवा. एकदाही मोटर अडखळली तर उडवायचं नाही.

मैदानात आणि पाण्यावर

पीपीएममध्ये कमी शक्तीची रेंज चाचणी देता येत नाही. त्याऐवजी विमान थेट गवतावर ठेवा, मोटर चालू, कुणीतरी शेपटी धरलेली, आणि सेट घेऊन चालत जा. जमिनीलगत सिग्नल फार लवकर मरतो, म्हणून तिथे दीडशे मीटरवर नियंत्रण घट्ट राहिलं तर हवेत अडचण नाही. ही चाचणी गोल्फ क्लब मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करणं उलट बरं, भोवतालच्या वायफायच्या गर्दीतही किती टिकतं ते कळतं. उडवायचं मात्र तिथे नाही. ओझरचा विमानतळ, गांधीनगरचा लष्करी विमानतळ, देवळालीचा तोफखाना असं बरंच काही नाशिकभोवती आहे. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर लाल-पिवळे पट्टे बघा.

अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला तो सगळ्यात कमी फेकतो. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात. दिंडोरी, मखमलाबादकडे द्राक्षबागांच्या कडेने उडवणार असाल तर लक्षात ठेवा की ७२ मेगाहर्ट्झला पानं आणि मांडवाच्या तारा फारशा आड येत नसत, २.४ ला येतात. विमान मांडवामागे खाली गेलं की जुन्या सवयीने "आणू परत" म्हणू नका. बोटीचंही तसंच: २.४ पाण्यातून जात नाही, म्हणून रिसीव्हर डेकखाली ठेवला तरी अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर, प्लास्टिकच्या नळीत उभी काढा.

कायद्याच्या बाजूने २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५च्या अधिसूचनेनुसार परवान्याविना खुला आहे, १ वॅटपर्यंत, आणि ही मॉड्यूलं त्याच्या बरीच खाली. ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल कुणी "लाँग रेंज" म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, तो पट्टा आपल्याकडे यासाठी नाही. परदेशातून थेट मागवाल तर कस्टममध्ये ईटीएचा, म्हणजे वायरलेस उपकरणाच्या मंजुरीचा, कागद मागतात. देशातल्या विक्रेत्याकडून घेतलेलं सोयीचं पडतं.

पैशाचाच हिशेब असेल तर मॉड्यूल, रिसीव्हर, पॅक, बक आणि अँटेना मिळून नव्या सहा चॅनेलच्या साध्या सेटाच्या आसपास खर्च जातो. हे करायचं ते त्या मऊ स्टिकसाठी.

काढलेला क्रिस्टल कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर चॅनेल क्रमांक लिहून, बॅटरीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा. उद्या ७२ चा एखादा रिसीव्हर सापडला आणि जुनी जोडणी परत करावीशी वाटली तर दांडी लावा, मॉड्यूलची प्लस वायर सोडवा, आणि मगच क्रिस्टल घाला.